गोव्यात राहून स्वतःच्या मापाची रायफल कशी जुळवावी

नेमबाजीची जुनी हौस असलेल्या माणसाच्या डोक्यात कधी ना कधी एक विचार येतोच: लांब पल्ल्याची एक रायफल आपल्या मनासारखी बांधून घ्यावी. बॅरल एका कंपनीचं, अॅक्शन (गोळी भरून उडवणारी यंत्रणा) दुसऱ्या कंपनीची, ट्रिगर तिसऱ्याचा, आणि सगळं घरच्या टेबलावर जोडायचं. परदेशी व्हिडिओंत हे रोज दिसतं. भारतात ती वाट बंद आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, तिच्यात बदल करणं, दुरुस्त करणं किंवा तिची चाचणी घेणं यासाठी वेगळा परवाना लागतो. तो कारखानदाराला किंवा व्यापाऱ्याला मिळतो, हौशी माणसाला मिळत नाही. बॅरल कापून आखूड करणं हा कलम ६ खालचा वेगळा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत गेली आहे. "सुटे भागच तर आहेत" असं म्हणून कुरिअरने काही मागवू नका.

पण रायफल 'आपली' होते ती बॅरलमुळे होत नाही. बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), चीकपीस (गाल टेकवायचा भाग), पुढच्या हाताचा टेकू, डायॉप्टर (छिद्रातून नेम धरायची मागची साइट), वजनं आणि छर्रा या गोष्टी अंगाला बेताव्या लागतात आणि ते सगळं कायद्यात बसतं. गुणसुद्धा तिथेच वाढतात. हा लेख त्या कामासाठी आहे. सुरुवात १० मीटर एअर रायफलने करायची आणि तिथून ५० मीटरला जायचं.

१. पल्ला ठरवा, मग रायफल

तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत.

१० मीटर एअर रायफल, ४.५ मिमी. परवाना लागत नाही, सराव वर्षभर करता येतो आणि स्पर्धांची शिडी खालपासून वरपर्यंत आहे.

५० मीटर, .२२ लाँग रायफल काडतूस. हे अग्निशस्त्र आहे, परवाना लागतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवलं ते याच रायफलच्या थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून खेळायच्या प्रकारात.

मोठ्या बोअरची (नळीच्या मोठ्या व्यासाची) रायफल. .३०३ आणि ७.६२ मिमी ही प्रतिबंधित बोअरं आहेत. सामान्य परवान्यावर .३१५ किंवा .३०-०६ मिळू शकते, पण ती चालवायला लांब रेंज लागते आणि तशा रेंजेस बहुतेक लष्कराच्या किंवा पोलिसांच्या ताब्यात आहेत. परवाना काढून रायफल कपाटातच ठेवायची असेल तर तो खर्च करू नका.

नवख्याने पहिला पर्याय घ्यावा. वय, अनुभव, जुनी शिकार-परंपरा काहीही असो, उभं राहून १० मीटरवर दहा गुणांचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका साधणारा माणूस पुढे कुठलीही रायफल चालवू शकतो. आणि हे आधीच स्पष्ट असू द्या: एअर रायफल कुळागरातली माकडं, रानडुकरं किंवा पक्षी यांच्यासाठी नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली तो गुन्हा आहे, छर्रा लागो वा न लागो.

२. कागद

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंचापर्यंत (४.५ मिमी) बोअर आणि २० ज्यूलच्या आत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना नको. स्पर्धेची रायफल या मर्यादेच्या खूप खाली असते. ०.५३ ग्रॅमचा छर्रा साधारण १७२ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटतो, म्हणजे ऊर्जा ७.८ ज्यूलच्या आसपास. "स्प्रिंग बदलून पॉवर वाढवून देतो" असं सांगणारे भेटतील. मर्यादा ओलांडली की तीच रायफल परवान्याच्या यादीत जाते, आणि जास्त पॉवरने १० मीटरवर नेम सुधारत नाही, उलट हादरा वाढतो.

परवाना नको याचा अर्थ कागद नकोत असा नाही. एक फाईल करा आणि तिच्या दोन प्रती ठेवा:

- दुकानाचं पक्कं बिल, त्यावर रायफलचा क्रमांक
- आधार किंवा पासपोर्ट, आणि पत्त्याचा पुरावा (दुकानदार विक्रीच्या वेळीही मागतो)
- निर्मात्याचं पत्रक, ज्यात कॅलिबर आणि ऊर्जा छापलेली असते
- क्लबचं किंवा राज्य संघटनेचं सदस्यत्व
- स्पर्धेला जाताना तिचं पत्र किंवा प्रवेशपत्र

पत्रादेवी किंवा पोळे नाक्यावर गाडी थांबवून लांब केस उघडायला लावली तर ही फाईल पाच मिनिटांत विषय संपवते. केस नेहमी बंद, रायफल रिकामी, छर्रे वेगळ्या पिशवीत. स्कूटरवर उघडी रायफल खांद्याला लावून फिरू नका, बिल खिशात असलं तरी.

दाबोळी किंवा मोपावरून विमानाने जाणार असाल तर एअरलाइनला आधी कळवा, रायफल चेक-इनमध्ये द्या, आणि सिलिंडर (छर्रा ढकलणारी दाबाखालची हवा ज्यात भरतात तो) रायफलवरून काढून पूर्ण रिकामा करा. भरलेला सिलिंडर विमानात चढत नाही. ऐनवेळी तो टर्मिनलच्या दारात रिकामा करायची वेळ येऊ देऊ नका, त्या आवाजाने सुरक्षारक्षक धावून येतात.

सदस्यत्व का हवं? राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर तिच्यामागे होते. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होते. राज्य संघटना या राष्ट्रीय संघटनेशी संलग्न असते आणि पुढची प्रत्येक गोष्ट (राज्य स्पर्धा, राष्ट्रीय पात्रता, पुढे .२२ ची शिफारस) त्या साखळीतूनच येते. आधी रायफल घेऊन मग क्लब शोधणारे पुष्कळ असतात. उलट करा. दोन-तीन महिने क्लबच्या रायफलवर काढा, मग विकत घ्या.

३. विकत घेताना

फाइनवेर्कबाउ, वाल्थर, अन्शुट्झ, स्टायर, पार्दिनी यांपैकी काहीही चांगलं. नावावरून भांडू नका. पुढील गोष्टी बघा:

बटप्लेट, चीकपीस आणि हाताचा टेकू हे तिन्ही मिलिमीटरमध्ये सरकतात का. लाकडी देखणा स्टॉक पण चीकपीस फक्त वर-खाली, आडवं सरकत नाही, अशी रायफल नको.

सिलिंडरवर कोरलेली तारीख. वापरलेली रायफल स्वस्त मिळते आणि सिलिंडरची मुदत संपलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि नवा वेगळा मागवावा लागतो.

रायफलसोबत कारखान्याचं चाचणी-कार्ड आहे का. पाच छर्‍यांचं एकच छिद्र दिसतं. ते कार्ड जपून ठेवा, पुढे तुलनेला लागतं.

वजन. नियमाने साइटसकट जास्तीत जास्त ५.५ किलो. सडपातळ माणसाने ४.५ किलोपासून सुरुवात करावी. वजन नंतर वाढवता येतं, पण पाठीत भरलेली उसण लवकर जात नाही.

४. अंगाला बेतणं

हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि इथेच लोक घाई करतात. साधनं आधी जमवा: अॅलन की चा संच (२ ते ६ मिमी), मोजपट्टी, व्हर्नियर, काट्याचं लटकतं वजनमाप, ट्रिगरचं वजनमाप, मास्किंग टेप, बारीक टोकाचा मार्कर आणि एक वही. जॅकेट, पँट आणि बूट घालूनच बेता. शर्टावर बेतलेली रायफल जॅकेट चढवल्यावर दोन सेंटिमीटर लांब होते. जॅकेट आणि पँटच्या कापडाची जाडी एका थराला २.५ मिमीपर्यंतच चालते, म्हणून कुणाचं जुनं जाड जॅकेट घेण्याआधी ते मोजून घ्या.

*डोळा.* दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, दोन्ही डोळ्यांनी दूरची एक वस्तू त्या फटीतून बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू जागेवर राहते तो तुमचा मुख्य डोळा. उजवा हात आणि डावा डोळा असं निघालं तर आधी प्रशिक्षकाशी बोला. सुरुवातीलाच डाव्या खांद्यावर जाणं सोपं जातं, पाच वर्षांनी जात नाही.

*रायफलशिवाय उभं राहा.* (इथून पुढचं उजव्या हाताच्या नेमबाजासाठी, डाव्याने बाजू उलटी धरावी.) पाय खांद्याएवढे लांब, डावं कंबरेचं हाड लक्ष्याकडे. डावा कोपर कंबरेच्या हाडावर टेकतो का बघा. काहींचा पोहोचत नाही. त्यांनी कोपर बरगडीवर टेकवावा आणि टेकू त्या मानाने लावावा. कोपर पोहोचावा म्हणून पाठ मोडू नका.

*लांबी.* कोपर काटकोनात वाकवा, बटप्लेट कोपराच्या खोबणीत ठेवा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर सहज आला पाहिजे. हा फक्त आरंभबिंदू. जॅकेट घालून उभं राहिल्यावर तो ५-१० मिमी बदलतो.

*बटप्लेटची उंची.* मान सरळ असताना साइट डोळ्यासमोर यायला हवी. मान खाली घालावी लागत असेल तर बटप्लेट खाली सरकवा, म्हणजे रायफल वर येते. डोकं वाकवून नेम धरणाऱ्याचा तोल चाळिसाव्या छर्‍यानंतर ढासळतो, कारण तोल सांभाळणारा आतला कान तिरका झालेला असतो.

*चीकपीस.* यावर अख्खी संध्याकाळ घालवा. रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, डोक्याचं वजन गालावरून चीकपीसवर पूर्ण सोडून द्या. आता डोळे उघडा आणि मान न हलवता मागच्या साइटच्या छिद्रातून पुढच्या साइटची नळी कुठे दिसते ते बघा. ती छिद्राच्या बरोबर मधोमध, चारी बाजूंनी सारखा प्रकाश सोडून दिसली पाहिजे. नळी डावीकडे सरकलेली दिसते? तर तुमचा डोळा डावीकडे आहे, चीकपीस जाड झालंय, आत घ्या. नळी वर दिसते? डोळा वर आहे, चीकपीस खाली करा. नियम सोपा: नळी ज्या बाजूला दिसते, डोळा त्याच बाजूला गेलेला असतो. एका वेळी एक मिलिमीटरच सरकवा, आणि प्रत्येक बदलानंतर रायफल खाली ठेवून, पुन्हा उचलून, पुन्हा डोळे मिटून तपासा. साइट शोधायला मान ताणणारा नेमबाज दर छर्‍याला वेगळ्या ठिकाणी मान ठेवतो आणि मग साइटचे क्लिक (साइट सरकवणाऱ्या स्क्रूचे टप्पे) फिरवत बसतो.

*हाताचा टेकू.* डावा हात मूठ करून किंवा बोटांवर ठेवून रायफल हाडांवर विसावली पाहिजे, दंडाच्या स्नायूंवर नाही. दंड थरथरत असेल तर टेकूची उंची चुकली आहे.

*नैसर्गिक दिशा.* नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास सोडा, डोळे उघडा. रायफल लक्ष्याच्या उजवीकडे गेली असेल तर हाताने ओढू नका. मागचा पाय थोडा सरकवा आणि पुन्हा तपासा. हाताने ओढलेली रायफल ट्रिगर सुटताच आपल्या जागी परत जाते आणि छर्रा तिच्यासोबत.

*वजन आणि तोल.* तोल डाव्या हाताच्या किंचित पुढे यावा. पुढे जास्त वजन लावलं की रायफल शांत दिसते, पण अर्ध्या तासात खांदा बसतो. ५० ग्रॅमच्या पायऱ्यांनी वाढवा.

*ट्रिगर.* दोन टप्प्यांचा ठेवा. नवख्याने १२०-१५० ग्रॅमवर सुरुवात करावी, दुसरा टप्पा बोटाला स्पष्ट कळेल असा. ८० ग्रॅमचा ट्रिगर ऐकायला छान, पण थंड घामाच्या बोटाने तो नेम लागण्याआधीच सुटतो. सेट ट्रिगर (आधी ताणून ठेवायचा, अगदी हलका सुटणारा) एअर रायफलला चालत नाही.

प्रत्येक माप वहीत लिहा: तारीख, बटप्लेट किती मिमी, चीकपीस वर-आत किती, टेकूची उंची. सरकणाऱ्या भागांच्या कडेला मार्करने बारीक रेघ मारा. प्रवासात काही सरकलं तर या रेघाच तुम्हाला वाचवतात.

५. डायॉप्टर

डोळा आणि मागचं छिद्र यांत ५ ते १० सेंमी अंतर. चष्मा छिद्राला टेकता कामा नये. छिद्र १.१ मिमीपासून सुरू करा, ढगाळ दिवशी थोडं उघडा.

पुढच्या साइटमधली रिंग (जिच्यात लक्ष्याचा काळा गोल मधोमध धरायचा) किती घ्यायची हे गणिताने कळतं. १० मीटरच्या लक्ष्याचा काळा भाग ३०.५ मिमीचा. पुढची साइट डोळ्यापासून सुमारे एक मीटरवर असते, म्हणजे तिथे काळं साधारण ३ मिमीचं दिसतं. ४.० मिमीची रिंग घेतली तर चहूबाजूंनी अर्धा मिमी पांढरं उरतं. नवख्याने ४.२ किंवा ४.४ घ्यावी. घट्ट रिंगमध्ये डोळा मध्य शोधत राहतो, नेम लांबतो, श्वास संपतो.

एक सापळा इथे हमखास आहे. जर्मन साइट्सवरची दिशा दाखवणारी अक्षरं प्रत्येक निर्मात्याची सारख्या अर्थाने नसतात. काहींवर 'उजवीकडे लागलं तर असं फिरवा' असा अर्थ असतो, काहींवर 'उजवीकडे नेण्यासाठी'. अक्षर वाचत बसू नका. पाच छर्रे मारा, दहा क्लिक एका दिशेला फिरवा, परत पाच मारा, गट कुठे गेला ते वहीत लिहा. त्याच आकड्यातून एका क्लिकला किती मिमी हेही निघतं.

साइटचे स्क्रू महिन्यातून एकदा तपासा. ०.१ गुण म्हणजे लक्ष्यावर ०.२५ मिमी. दोन साइटमधलं अंतर ८५ सेंमी धरलं तर मागची साइट ०.०२ मिमी सरकली तरी तेवढा फरक पडतो. ढिला स्क्रू डोळ्याला दिसत नाही, गुणांत दिसतो.

६. छर्रा

सपाट डोक्याचा, ०.५३ ग्रॅम. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० आणि ४.५१ असे तीन घ्या. आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले मॅच किंवा जेएसबी, काहीही चालेल. रायफल क्लबच्या शिकंज्यात घट्ट धरा. प्रत्येक व्यासाचे आधी ५ छर्रे बॅरल बसवायला, मग ५-५ चे पाच गट. तीन व्यासांचे मिळून ९० छर्रे होतात. ज्याचे पाचही गट लहान, तो तुमचा. एकच सुंदर गट पाहून फसू नका.

ठरला की त्याच लॉटचे (एकाच खेपेत बनलेले) डबे एकदम घ्या. डब्यावर लॉट क्रमांक असतो. दुसऱ्या लॉटला चाचणी पुन्हा.

शिशाला हात लावल्यावर साबणाने धुतल्याशिवाय खाऊ नका. घरी सराव करणार असाल तर तिरक्या पोलादी पत्र्याचा बंद पेलेट ट्रॅप हवा. चिऱ्याच्या भिंतीवर छर्रा मारला तर तो परत येतो.

७. हवा

२०० बार दाबाचा सिलिंडर भरायला गोव्यात एक सोय आहे जी इतर ठिकाणी सहज मिळत नाही: डायव्हिंगवाले. पाणबुड्यांच्या टाक्या साधारण २०० बारच्या असतात आणि त्यांच्या कॉम्प्रेसरला गाळणी असते. तुमच्या रायफलच्या जोडणीचा डीआयएन अॅडॅप्टर (टाकी आणि सिलिंडर जोडणारा तुकडा) आधी घ्या. झडप अगदी हळू उघडा. झपकन भरल्यास सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर दाब खाली येतो. गाळणी शेवटची कधी बदलली ते विचारायला संकोचू नका, कारण दमट हवा आत गेली तर रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा राखणारा भाग) गंजतो. हवेशिवाय दुसरा कुठलाही वायू भरू नका. ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाच्या अंशाशी स्फोट होतो. भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

८. जूनपासून सप्टेंबरपर्यंत

समुद्राची खारी हवा आणि पावसाळा यात केसमधला फोम हाच शत्रू. तो ओल धरतो आणि रायफल त्यातच आठवडाभर पडून राहते. सराव झाला की कोरड्या फडक्याने घामाचे डाग पुसा, पोलादी भागांवर तेलाचा पातळ हात फिरवा, आणि रायफल केसबाहेर, कुलूपबंद कपाटात सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की वाळवून घ्या. बॅरल फेल्टच्या गोळ्यांनी पुसा, ब्रश घालू नका.

९. इथून ५० मीटरला

.२२ चा अर्ज केंद्राच्या ऑनलाइन शस्त्र-परवाना पोर्टलवर, नमुना ए-१ मध्ये. पुढचं काम तुमच्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. सोबत लागतात: फोटो, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, शारीरिक व मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याची हमी, आणि सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण प्रमाणपत्र. पोलीस चौकशी तुमच्या पोलीस स्थानकातून होते. क्लबचं पत्र, सहभागाची प्रमाणपत्रं आणि गुणपत्रिका सोबत जोडा. "हौस आहे" एवढ्या कारणावर अर्ज अडतो, "दोन वर्षं १० मीटरला खेळतो" यावर पुढे सरकतो.

२०१९ नंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. नेमबाजांसाठी सवलत वेगळी आहे, आणि तिच्यासाठी राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेतली पात्रता लागते. परदेशी रायफल आयात करायची वाटही तिथूनच जाते. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रं जमा करण्याचा आदेश निघू शकतो. नेमबाजांना सूट हवी असल्यास आदेश निघताच लेखी अर्ज द्या, शेवटच्या दिवशी नाही.

.२२ ला काडतुसाचा लॉट छर्‍यापेक्षाही महत्त्वाचा. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॉट त्याच बॅरलमधून ५० मीटरवर वेगळे गट देतात. चार-पाच लॉटची थोडी थोडी काडतुसं घेऊन रेंजवर शिकंज्यात दहा-दहाचे गट काढा, सर्वात लहान गटाचा लॉट निवडा, आणि परवान्यावर जेवढी मुभा आहे तेवढी त्याच लॉटची उचला.